सात-बारा वाचता येईल इतकं

मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने कोकणात उतरतं आणि भिऱ्याच्या वीजघरात त्याची वीज होते. १९२७ पासून ती मुंबईला जाते आहे. १९५१ साली अमेरिकेतून शिकून आलेला एक तरुण इंजिनिअर टाटांच्या वीज कंपनीत लागला. खोपोली, भिवपुरी आणि भिरा या वीजघरांतली वीज मुंबईच्या गरजेनुसार कधी, किती सोडायची याचा मेळ बसवणाऱ्या यंत्रणेत त्याने उमेदीची वर्षं घालवली. त्याचं नाव फकीरचंद कोहली. १९६९ मध्ये ते टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये गेले आणि भारतातल्या सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक म्हणून ओळखले जाऊ लागले. हे सगळं छापून आलेलं आहे. त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडल्यावर हाती घेतलेल्या कामाबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. कॉम्प्युटरच्या मदतीने निरक्षर प्रौढांना वाचायला शिकवायचं, हे ते काम. मला ते त्यांच्या बाकीच्या सगळ्या कर्तृत्वाहून मोठं वाटतं.

मी मुळशी तालुक्यातली, कोळवण खोऱ्यातली. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान आलं तेव्हा मी गावातली बारावी झालेली सून होते, म्हणून वर्ग माझ्याकडे आला. फळा, कंदील, खडूचा डबा आणि तीन पुस्तिका. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ मध्ये सुरू झालं होतं आणि त्याच्या पद्धतीत तीन टप्प्यांची तीन पुस्तकं होती. ती पुरी करायला साधारण दोनशे तास धरलेले. आता दोनशे तास म्हणजे काय ते आमच्याकडच्या बाईच्या दिवसात बसवून बघा. पहाटे पाणी, मग चूल, मग जनावरं, मग रान. रात्री भांडी झाल्यावर एखादा तास मिळाला तर मिळाला. आषाढात आवणी सुरू झाली की तोही गेला. दिवसभर चिखलात वाकून रोप लावलेल्या बाईला रात्री ‘ग गवताचा’ म्हणायला बसवणं मलाच जड जायचं. पहिली पुस्तिका अर्ध्यावर यायची आणि भात लागायचा. भात निघाला की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. सही मात्र बहुतेकींना आली. सहीची वळणं हाताला पाठ होतात, त्यासाठी वाचता यावं लागत नाही. जनगणनेच्या व्याख्येत मात्र सात वर्षांवरच्या माणसाला समजून वाचता आणि लिहिता आलं तरच तो साक्षर. नुसती सही त्यात बसत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के भरली आणि स्त्रियांची सुमारे ७६. म्हणजे दर चार बायांमागे एक अजून बाहेर होती.

कोहलींनी नेमका या दोनशे तासांवरच बोट ठेवलं. मोठ्या माणसाला भाषा शिकवायची नसते, ती त्याच्याकडे असतेच. कोळवणची कुठलीही आजी भाताच्या जाती, नात्यांचे पदर, ओव्या, म्हणी, भांडणातले टोमणे अशी हजारो शब्दांची मालकीण असते. तिला फक्त त्या आवाजांच्या खुणा ओळखायच्या असतात. मग सुरुवात एकेका अक्षरापासून कशाला? पुरा शब्द दाखवा, तो ऐकवा, मग डोळ्यांदेखत त्याचे तुकडे करा आणि ते तुकडे दुसऱ्या शब्दांत पुन्हा भेटवा. लिहिणं आणि हिशेब नंतर, आधी वाचणं. तीनशे ते पाचशे शब्द डोळ्यांना ओळखीचे झाले की माणूस सोपं छापील वाचू लागतो आणि पुढची वाट स्वतःच काढतो. साक्षरता मिशनच्याच पुस्तिका त्यांनी आधाराला घेतल्या, त्यावर चित्रं, बाहुल्या, रंग आणि आवाज चढवला आणि २००० साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, हैदराबादजवळच्या मेदक जिल्ह्यातल्या एका गावात पहिला वर्ग बसवला. वापरलेले कॉम्प्युटर जुने, कचेऱ्यांतून बाद झालेले. अभ्यासाचा वेळ चाळीस ते पंचेचाळीस तास, आठ-दहा आठवड्यांत पुरा होणारा. तेलुगूनंतर तमिळ, हिंदी, बंगाली आणि मराठीतही हे धडे तयार झाले. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या उत्तर सोथो भाषेपर्यंत ही पद्धत गेली. २०२० च्या नोव्हेंबरात कोहली वारले, तेव्हा बातम्यांत या कामाला एखादी ओळ मिळाली.

हे धडे मी पहिल्यांदा पाहिले ते एका जुन्या, जाडजूड पडद्याच्या कॉम्प्युटरवर. समजा, पडद्यावर ‘नळ’ आला. नळाचं चित्र, खाली शब्द, आणि एक आवाज म्हणतो, नळ. मग न वेगळा होतो, ळ वेगळा होतो, दोन्ही एकदा सुटे आणि एकदा जोडून ऐकू येतात. थोड्या वेळाने न ला काना लागतो. तो काना बाजूने सरकत येऊन चिकटताना दिसतो, आणि चिकटल्याबरोबर आवाज ‘न’चा ‘ना’ होतो. फळ्यावर मी काना काढायचे तेव्हा तो एक दांडा असायचा. इथे तो काहीतरी करताना दिसत होता. खूण लागली की आवाज बदलतो हे बायकांनी माझ्या सांगण्यावरून मान्य केलेलं नव्हतं, त्यांनी ते होताना पाहिलं. बाराखडी घोकलेल्या कितीतरी माणसांना ‘का’ म्हणता येतं पण ‘काम’ वाचता येत नाही, कारण घोकताना कानाला चाल पाठ होते आणि डोळा रिकामाच राहतो.

देवनागरीत हे डोळ्यांचं काम फार आहे. आपण म्हणतो, मराठी उच्चाराप्रमाणे लिहितात, त्यात काय अवघड? पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात आणि उच्चारतात नंतर. ‘किती’ वाचताना नवशिकी बाई आधी वेलांटीपाशी अडते. रफार तर ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी बोलायचा. ‘अर्ज’मधला र कुठे गेला म्हणून दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आणि अर्ज हा तर आमच्या बायकांच्या आयुष्यातला पहिला कामाचा शब्द. शिवाय ‘कर’, ‘चक्र’ आणि ‘अर्ज’ यांतला र तीन वेगळ्या रूपांत येतो. ‘समजत’ या शब्दात चार अक्षरं पूर्ण लिहिलेली, बोलताना मात्र शेवटचा त अर्धा सुटतो. हे फळ्यावर समजावताना माझा घसा कोरडा पडायचा. पडद्यावर रफार उडी मारून आपल्या जागी बसतो आणि पुन्हा बघायचं असेल तर पुन्हा उडी मारतो. तो कंटाळत नाही. कितीही वेळा विचारलं तरी त्याच्या आवाजात चढ येत नाही.

याचं मोल शिकणाऱ्यालाच कळतं. साठीच्या बाईला लाज असते ती आपल्याला येत नाही याची नाही. येत नाही हे सुनेपुढे, नातवापुढे, शेजारणीपुढे दिसेल याची. वर्गात चुकलं की सगळ्या हसतात, प्रेमानेच हसतात, पण ती दुसऱ्या दिवशी येत नाही. पडद्यासमोर पाच-सहा जणी बसतात, सगळ्यांची नजर समोर असते आणि कोण चुकलं ते ओठांतल्या ओठांत राहतं. एक आजी तर महिनाभर नुसती ऐकत होत्या. मी त्यांना काही विचारलं नाही. मग एके दिवशी पौडला जाताना थांब्यावर त्या मोठ्याने म्हणाल्या, “बाई, ही आपली न्हाई, ह्याच्यावर स्वारगेट हाय.” बाकीच्या उभ्या बायका वळून बघायला लागल्या.

पण कॉम्प्युटर आणून ठेवला की साक्षरता होते, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. असे कॉम्प्युटर मी झाकून ठेवलेले पाहिले आहेत, वर फुलाफुलांचं कापड आणि त्यावर गणपती. याबाबत पाहण्यासारखा एक अभ्यास आमच्या शेजारीच झाला. ताम्हिणी घाट उतरला की माणगाव. तिथे आणि ठाण्यात ‘प्रथम’ संस्थेने प्राथमिक शाळांतल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी एक यंत्र वापरलं. चित्रावर कांडी टेकवली की ते शब्द बोलायचं. काही शाळांत मुलं स्वतः यंत्र वापरत, काहींत शिक्षक पत्ते आणि खेळ घेऊन शिकवत. दोन्हीकडे मुलं पुढे गेली. फरक पडला तो असा, की ज्यांना आधीच थोडं येत होतं त्यांना यंत्राचा जास्त फायदा झाला आणि जी मागे होती त्यांना माणसाचा. गुजरातमध्ये गणिताच्या कॉम्प्युटर धड्यांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात याहून स्पष्ट उत्तर मिळालं. शाळेच्या वेळात शिक्षकाचा तास काढून कॉम्प्युटर लावला तर मुलं मागे पडली. तोच कॉम्प्युटर शाळेव्यतिरिक्त जादा वेळेत दिला तर पुढे गेली.

हे वाचलं तेव्हा मला वर्गातल्या खोलीची मांडणीच डोळ्यांपुढे आली. आमच्याकडे सगळ्यांत मागे असलेल्याच बायका येतात. त्यांच्यासाठी शेजारी माणूस हवाच. कोहलींच्या कार्यक्रमात त्याला प्रेरक म्हणतात. तो शिकलेला शिक्षक नसला तरी चालतो आणि ही त्या पद्धतीतली फार शहाणपणाची गोष्ट आहे, कारण खेड्यात डी.एड. झालेली बाई सापडत नाही, दहावी झालेली सून सापडते. धडा यंत्र शिकवतं. प्रेरकाने न आलेल्या बाईच्या घरी जायचं, नवऱ्याशी बोलायचं, लाइट गेली तर चार गप्पा मारून वर्ग धरून ठेवायचा. पावसाळ्यात लाइट जातेच. वारा सुटला की तारा तुटतात आणि दोन-दोन दिवस येत नाही. म्हणून आमचा वर्ग भात घरात आल्यावर बसतो आणि चैत्रापर्यंत चालतो. वर्षातले हेच महिने कोरडे आणि थोडे रिकामे असतात. अभ्यासक्रम चाळीस तासांचा असल्यामुळेच तो या महिन्यांत मावतो. दोनशे तासांचा कधी मावला नसता.

आता जुना डबा गेला आणि त्याच्या जागी एक लॅपटॉप आणि बायकांचे मोबाइल आले. त्याने एक नवा प्रश्न आणला आहे, तो मला जरा सविस्तर सांगायचा आहे. हल्लीची काही ॲप आपण वाचलेलं ऐकतात आणि चूक असेल तिथे थांबवतात. गूगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ नावाने असं ॲप काढलं, पुढे ते मराठीतही आलं आणि आज ‘रीड अलाँग’ या नावाने चालतं. लहान मुलं या प्रकारच्या ॲपवर छान वाचतात, मी पाहिलं आहे. आमच्या आज्यांचं मात्र वेगळं होतं. मावळी बोलीत ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘नाही’चं ‘न्हाई’, ‘होतं’चं ‘व्हतं’. आजी ‘पाणी’ हा शब्द डोळ्यांनी बरोबर ओळखतात आणि तोंडाने ‘पानी’ म्हणतात. हे वाचन चुकलं नाही. त्यांनी अक्षर ओळखलं, अर्थ लावला आणि आपल्या भाषेत बोलल्या. पण ऐकणारं यंत्र प्रमाण उच्चाराच्या आवाजांवर तयार झालेलं असेल तर ते त्यांना पुन्हा म्हणायला लावतं. दोनदा, तीनदा. ज्या लाजेतून त्यांना बाहेर काढायला आपण यंत्र आणलं, ती लाज यंत्राच्याच तोंडून परत येते. माझं ठाम मत आहे, की प्रौढांच्या वाचनासाठी ऐकणारं यंत्र करायचं असेल तर आधी मावळातल्या, खानदेशातल्या, झाडीपट्टीतल्या, मालवणातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज गोळा केले पाहिजेत. तोवर वर्गात यंत्राने बोलावं आणि ऐकायचं काम माणसाने करावं.

दुसरी अडचण अक्षराच्या वळणाची. मराठी पुस्तिकेत शिकलेली बाई मोबाइलवर ल आणि श वेगळेच बघते. कॉम्प्युटरवरच्या बऱ्याच फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची असतात. राज्य सरकारने २००९ च्या शासननिर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं म्हणून सांगितली आणि राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा हा फॉन्टही काढला. शिकलेल्या वाचकाला हा फरक जाणवतही नाही, त्याचा डोळा सरावलेला असतो. नवशिक्या बाईला मात्र ते सर्वस्वी नवं अक्षर असतं आणि इतक्या कष्टाने आलेलं ‘लाइट’ तिला बिलावर वाचता येत नाही. म्हणून मी दोन्ही वळणं शेजारी शेजारी दाखवते आणि आमचे धडे यशोमुद्रात टाइप करते.

होय, धडे आता आम्हीच करतो. तयार धड्यांनी पाया घातला की पुढचे शब्द बायकांनी सांगायचे. मोबाइलमध्ये त्या बोलतात, अक्षरं आपोआप उमटतात, मी चुका नीट करते आणि पडद्यावर मोठी करून लावते. आवणी, खाचर, इंद्रायणी, आंबेमोहोर, बचतगट, व्याज, हप्ता, रेशन, आधार, गोळी, सोनोग्राफी. आमच्याच तालुक्यात हिंजवडीचा आयटी पार्क आहे. खोऱ्यातल्या कितीतरी बायका तिथे साफसफाईच्या कामाला जातात. त्यांनी आणलेले शब्द म्हणजे हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, आणि फिनेलच्या कॅनवरचं ‘पिऊ नये’. ज्या इमारतींत सॉफ्टवेअर तयार होतं त्या पुसणाऱ्या बाईला पगाराची पावती वाचता यावी, एवढी मागणी मला फार मोठी वाटत नाही.

कर्जतजवळच्या खैरात गावी २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप, एकशिक्षकी शाळा, वीसेक मुलं. केंद्र सरकारने आदल्याच वर्षी ही योजना नाकारली होती आणि देशात ती फारशी पसरली नाही. मला त्या मुलांचं कौतुक आहेच, पण माझं मन नेहमी त्यांच्या आयांकडे जातं. शिक्षणात नवं यंत्र आलं की ते आधी मुलांच्या हाती जातं. आई दाराशी उभी राहून बघते. आता नवभारत साक्षरता कार्यक्रमात, ज्याला ‘उल्लास’ म्हणतात, पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची दीडशे गुणांची परीक्षा आहे. त्याचंही ॲप आहे. आमच्याकडच्या काहीजणी परीक्षेला बसल्या, नवी साडी नेसून गेल्या. प्रमाणपत्र मिळतं ते चांगलंच आहे. पण प्रमाणपत्रानंतर वाचायला काही मिळालं नाही तर दोन पावसाळ्यांत अक्षरं विसरतात, हे मी नव्वदच्या दशकात पाहिलेलं आहे. नवसाक्षरांसाठी मोठ्या टायपात, छोट्या वाक्यांत, मोठ्या माणसांच्या विषयांवर मजकूर लागतो. लहान मुलांच्या गोष्टी त्यांना देऊ नयेत. त्यांना ससा आणि कासवात रस नसतो.

त्यांना जमिनीत रस असतो. मुळशीत तो नसेल तर नवल. १९२१ साली रामनवमीला इथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तुरुंगात गेले आणि तरी खोरं पाण्याखाली गेलंच. शंभर वर्षांनी पुणे शहर आमच्या बांधापर्यंत आलं आहे आणि गुंठ्याचे भाव ऐकून म्हातारे गप्प होतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सबंध देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हिस्सा दिला. तरी घरोघरी हक्कसोडपत्रं होतात. भाऊ गाडी पाठवतो, बहीण माहेरी येते, जेवण होतं, कागद पुढे येतो, अंगठा उठतो. काहीजणी समजून-उमजून, राजीखुशीने सोडतात. तो त्यांचा हक्क आहे. पण कागदावर काय लिहिलं होतं हे ज्यांना आजही सांगता येत नाही अशा बायका माझ्या वर्गात बसलेल्या आहेत.

म्हणून आमचे शेवटचे धडे सात-बाऱ्याचे असतात. २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा घरबसल्या निघतो. तो लॅपटॉपवर उघडायचा आणि मोठा करायचा. गावाचं नाव आधी वाचायचं, ते कुणालाही येतं. मग तालुका, मग गट क्रमांक. मग ‘भोगवटादाराचे नाव’. एवढा लांब शब्द बघून बाई दचकते, पण भो, ग, व, टा, दा, र हे सगळे तुकडे तिला ओळखीचे असतात, आणि दारात ‘दार’ सापडलं की हसू फुटतं. मग क्षेत्र, हेक्टर-आर, आकार, पोटखराबा. उजवीकडे इतर अधिकार. तिथे बँकेचा बोजा असतो, विहिरीचा हिस्सा असतो, कधी बहिणींची नावं असतात. मागच्या हिवाळ्यात एका मावशींनी स्वतःच्या माहेरचा उतारा काढायला लावला. सगळी नावं बोट ठेवून वाचली, वरपासून खाली आणि पुन्हा खालून वर. मग त्यांनी विचारलं, “फेरफार म्हंजी काय, आनि त्यो कोन करतं?”

या वर्षी भात निघाल्यावर तोच धडा पहिला घेणार आहे. फेरफाराची नोटीस कशी दिसते, तीत कोणाकोणाची नावं असतात, तलाठ्याच्या कचेरीत ती कुठे लागते, आणि हरकत घ्यायला मिळणारे पंधरा दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे. नमुन्याची नोटीस टाइप करून झाली आहे, मोठ्या टायपात, देठाच्या श सकट.